क्रँककेसची झडप : स्थान, परीक्षा व बदल

पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनात पिस्टनाभोवतीच्या कड्या कितीही घट्ट बसविल्या, तरी ज्वलनाच्या वेळी थोडा वायू त्यांच्या फटींतून खाली क्रँककेसमध्ये उतरतोच. त्यात न जळलेले इंधन व पाण्याची वाफ असते. त्याला वाट मिळाली नाही, तर तेलाचा गाळ होतो आणि दाब वाढून सांध्यांतून तेल झिरपू लागते. पूर्वी ही वाट म्हणजे गाडीखाली उघडणारी एक नळी असे. गाडी धावत असता हवेच्या ओढीने वायू बाहेर पडे. गाडी थांबली की ओढही थांबे. हायड्रोकार्बने व नायट्रोजनची ऑक्साइडे यांवर सूर्यप्रकाशात होणाऱ्या क्रियेतून लॉस एंजेलिसचे धुरके निर्माण होते, हे आरी हागेन-स्मित यांनी १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत दाखविले, तेव्हा या नळीकडे लक्ष गेले. मोटारीतून निघणाऱ्या हायड्रोकार्बनांचा सुमारे पाचवा हिस्सा तिच्यावाटे जात असे. कॅलिफोर्नियातील १९६१ च्या नव्या गाड्यांपासून तिच्या जागी झडप आली व तो वायू परत इंजिनात शोषला जाऊन जळू लागला.

या व्यवस्थेच्या इंग्रजी नावात 'पॉझिटिव्ह' हा शब्द आहे. त्याचे 'धन' असे भाषांतर केल्यास अर्थाचा अनर्थ होईल. येथे त्याचा अर्थ 'हमखास', म्हणजे गाडीच्या वेगावर न विसंबणारे, इतकाच आहे. 'झडप' हा शब्दही पुरता चपखल नाही, कारण ही वस्तू केवळ उघडत-मिटत नाही, ती प्रवाह मापते. आत स्प्रिंगने तोललेला एक दांडा असतो. इंजिन मंद चालत असता मॅनिफोल्डमधील निर्वात तीव्र असतो; तो दांड्याला ओढून मार्ग अरुंद करतो. वेग वाढला की निर्वात घटतो, स्प्रिंग दांड्याला मागे सारते व मार्ग रुंदावतो. कार्ब्युरेटरमधून ज्वाला उलटलीच, तर दांडा मार्ग बंद करतो.

१९६८–६९ च्या सुमाराच्या शेव्हरोले व्ही-आठ इंजिनात ही झडप शोधणे सोपे आहे. दोन व्हॉल्व्ह-कव्हरांपैकी एकावर रबरी कडीत ती खोचलेली असते व तिची नळी कार्ब्युरेटरच्या तळाशी जाते. दुसऱ्या कव्हराला जोडलेली नळी एअर क्लीनरमधून ताजी हवा आणते. तीत झडप नसते. नवशिका बहुधा तेथेच चुकतो.

इंजिन मंद चालू ठेवून झडप कडीतून उपसावी व तिच्या उघड्या तोंडावर बोट ठेवावे. ओढ जाणवली पाहिजे, आणि इंजिनाचा वेग किंचित उतरला पाहिजे. ओढ नसेल तर नळी किंवा झडप तुंबलेली समजावी. इंजिन बंद करून झडप हलविली असता खुळखुळ ऐकू येते; ती न आली तर झडप टाकून द्यावी. खुळखुळली म्हणजे चांगलीच, असे मात्र नव्हे. स्प्रिंग थकलेली असू शकते. या स्वस्त वस्तूकडे न पाहता तेलगळतीसाठी सील बदलत बसणे हा उलटा क्रम होय.

बदल थंड इंजिनावर करावा. उष्णतेने कडक झालेली रबरी कडी तुटून तिचे तुकडे कव्हरात पडू नयेत, म्हणून ती हळूहळू सोडवावी आणि नवीच घालावी. चिरलेली नळीही बदलावी, नाहीतर बाहेरची हवा शिरून मंद गती डळमळते. नवी झडप त्याच इंजिनासाठी नेमलेली हवी. बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या दोन झडपांची मापे वेगळी असतात.