तेराव्यानंतरचे दुःख
दुःखाच्या पाच पायऱ्या असतात, हे आपण सर्रास ऐकतो. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी त्या १९६९ मध्ये मांडल्या, पण स्वतःच्या मृत्यूला सामोऱ्या जाणाऱ्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांचे दुःख असे पायरीपायरीने जात नाही.

वयागणिक ते बदलते. पंचविशीत वडील गेले, तर लग्न, पहिले मूल अशा प्रत्येक प्रसंगी उणीव नव्याने टोचते. पन्नाशीत आई जाते तेव्हा दाखले, बँक, पाहुणे सांभाळताना रडायचे राहूनच जाते. साठीनंतर जोडीदार गेला की दिवसाची घडीच विस्कटते: चहा कुणासोबत घ्यायचा, औषधाची आठवण कोण करणार?

त्यातही विधवेच्या वाट्याला समाजाने दिलेले दुःख वेगळे. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे हे शोकाच्या ऐन घडीला केलेले क्रौर्यच आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पुढे राज्य सरकारनेही इतर गावांना हा कित्ता गिरवायला सांगितले. ठराव झाला तरी हळदीकुंकवाचे बोलावणे शेजारणींनीच द्यायचे असते.

तेरावे झाले की घर रिकामे होते. खरी सोबत तेव्हा लागते. सहा महिन्यांनंतरही तीव्र ओढ कमी होत नसेल, रोजचे व्यवहार ठप्प असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. ‘टेली मानस’ या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते.