होडीतली सोय आणि होडीचा तोल

(द्वितीय वर्ष, कला)

मासेमारीवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते. जाळ्यांवर, माशांच्या भावावर, पर्ससीनच्या वादावर तर वर्तमानपत्रांतून वरचेवर काहीतरी येतच असते. पण होडीत माणूस बसतो कसा, यावर निदान मी तरी एक ओळही वाचलेली नाही. आमच्या मिठबावच्या किनाऱ्यावरून पहाटे जी लहान होडी निघते तिच्यात दोघेतिघे असतात. अठरा-वीस फूट लांबी, चारएक फूट रुंदी, मागे लहानसे मशीन आणि बसायला एक आडवी फळी. त्या फळीवर चार-पाच तास काढायचे, आणि लाटेचा प्रत्येक दणका मणक्यातून थेट डोक्यापर्यंत घ्यायचा. माझे बाबा तीस वर्षे असे बसत आले आहेत. हल्ली सकाळी अंथरुणातून उठताना त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागतो. कंबर गेली की धंदा गेला, आणि आमच्या घरात धंदा गेला की माझे कॉलेज आणि धाकटीची शाळा दोन्ही गेले. म्हणून होडीतली सोय हा विषय मला चैनीचा वाटत नाही.

बाबांना मात्र तो शब्दच आवडत नाही. “होडयेत कसलो आराम? आराम होयो तर घराक ऱ्हव,” हे त्यांचे ठरलेले उत्तर. या उत्तरात थोडा अभिमान आहे, पण थोडे शहाणपणही आहे. ते शहाणपण कोणते, हे मी दहावीपर्यंतच्या विज्ञानाच्या बळावर आणि होड्या बांधणाऱ्यांना विचारून समजून घेतले. तेच येथे मांडतो.

होडी तरते ती आर्किमिडीजच्या नियमाने, हे आपण सर्वांनी पाठ केलेले आहे. ती सरळ का राहते, हे मात्र कोणी विचारत नाही. होडी, माणसे, जाळे, मशीन या साऱ्यांचे वजन जणू एका बिंदूतून खाली ओढते; पाणी होडीला दुसऱ्या बिंदूतून वर उचलते. होडी कलली की बुडलेल्या भागाचा आकार बदलतो, पाण्याचा रेटा कललेल्या बाजूकडे सरकतो आणि होडीला पुन्हा सरळ करतो. वजनाचा बिंदू जितका खाली, तितका हा रेटा प्रभावी. तो फार वर गेला, तर होडीला सरळ करणारे बळ उरत नाही.

आता हिशेब करून पाहू. समजा, होडी, मशीन आणि जाळे मिळून 260 किलो आणि दोन माणसे 140 किलो, म्हणजे एकूण 400 किलो. या दोन माणसांना आपण फक्त एक फूट, म्हणजे 30 सेंटिमीटर, उंच बसवले. एकूण वजनाचा बिंदू 140 गुणिले 30 भागिले 400, म्हणजे सुमारे 10 सेंटिमीटर वर जातो. चार फूट रुंदीच्या होडीला हे फार झाले. उलट 50 किलोचे ओझे तळाशी ठेवले, तर एवढी होडी सुमारे एक सेंटिमीटरच अधिक बुडते. म्हणजे लहान होडीत आधी विचारायचे ते उंचीबद्दल, मग वजनाबद्दल. हल्ली काही होड्यांत प्लॅस्टिकची खुर्ची आलेली दिसते. किनाऱ्यावर ती छान वाटते. पण ती माणसाला फळीपेक्षा उंच बसवते, आणि ओल्या तळावर तिचे पाय सरकतात ते वेगळेच.

यात एक फसवी गोष्ट आहे. वजन वर गेलेली होडी सावकाश डोलते. तळाशी वजन असलेली होडी झटक्याने परत येते, अंगाला हिसके देते. त्यामुळे बदल केल्यावर “होडी आता कशी पाळण्यासारखी डोलते!” असे कोणी म्हणाले, तर खूश होऊ नये. परत यायला तिला जास्त वेळ लागतो, कारण तिची परत येण्याची ताकद कमी झालेली असते. जुनी माणसे होडीत पाय ठेवताच काठ दाबून पाहतात, ते बहुधा हेच पाहतात.

स्वीडनच्या ‘वासा’ या युद्धनौकेची हकीकत येथे आठवते. निघण्यापूर्वी तिच्यावर तीस खलाशांना या काठापासून त्या काठापर्यंत पळवून पाहिले. ती इतकी डोलू लागली की परीक्षा थांबवावी लागली. पण नौका मात्र थांबवली नाही. 10 ऑगस्ट 1628 रोजी स्टॉकहोमच्या बंदरात, पहिल्याच सफरीत, दीड किलोमीटरही न जाता ती बुडाली. आपल्याकडचे दुःख तर कोकणातल्या घराघरांत ठाऊक आहे. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट तुफानी लाटेत उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. लाटेच्या तडाख्यात प्रवासी एका बाजूला धावले, असे सांगतात. ठरलेल्या जागी न राहणारे वजन किती घातक असते!

मग सोय करायचीच नाही का? करायची, पण खाली, हलकी आणि मधोमध. सर्वांत स्वस्त सोय म्हणजे बसण्याची जागा बदलणे. लाटेवर होडीची नाळ सर्वांत जास्त उचलली जाते आणि आपटते; मधला भाग कमी हलतो. मशीनच्या दांड्याला पाइपची घट्ट बसणारी लांबी जोडली, तर चालवणारा थोडा पुढे सरकून बसू शकतो. त्याची कंबर वाचते आणि मागचा भारही हलका होतो. मात्र तो मशीनपासून दूर जातो, म्हणून मशीन बंद करणारी दोरी त्याच्या अंगाला बांधलेली हवीच.

आडवी फळी अडचणीची वाटते म्हणून कापून टाकण्याचा मोह अनेकांना होतो. तसे कदापि करू नये. ती फळी नुसती बसायला नसते, दोन्ही काठांना ती ताणून धरते. काही होड्यांत तिच्याखालच्या पेटीत फोम भरलेला असतो. होडीत पाणी भरले तरी तिला तरंगत ठेवणारा तोच. सामानाला जागा हवी म्हणून तो काढणे म्हणजे बुडत्याची काडी विकण्यासारखे आहे. त्या जागी साधा थर्मोकोल भरूनही भागत नाही. पेट्रोल सांडले की तो विरघळतो, आणि फायबरच्या कामातले रेझिनही त्याला खाऊन टाकते.

फळीवर गादी हवी तर पाणी न शोषणाऱ्या रबरी फोमची. घरातला स्पंज पाणी पिऊन दगड होतो. तळाला चालायला सपाट जमीन हवी असेल, तर अखंड प्लायवूड ठोकण्यापेक्षा फटी असलेल्या, उचलता येणाऱ्या पट्ट्या बऱ्या. अखंड तक्तपोशीखाली साचलेले पाणी दिसत नाही, उपसता येत नाही, आणि होडी कलली की ते सारे त्याच बाजूला धावते. पेट्रोलची वाफही हवेपेक्षा जड, ती तिथेच दबा धरून बसते. जाळे ओढताना पोटऱ्या आणि मांड्या काठावर घासतात. त्यावर उपाय म्हणजे जुनी रबरी नळी लांबीत चिरून काठावर चढवणे. खर्च जवळजवळ शून्य!

परदेशांत तळ्या-नद्यांवर ॲल्युमिनियमच्या लहान होड्या फार. आमच्याकडे लाकडानंतर फायबर आले. तोलाचे नियम सर्वांना सारखेच. पण ॲल्युमिनियमला पितळेचा वा तांब्याचा स्क्रू लावला, तर खाऱ्या पाण्यात दोन धातूंची जणू बॅटरीच तयार होते आणि ॲल्युमिनियम झिजते. स्टेनलेस स्टील लावले तरी मध्ये रबर किंवा नायलॉनची चकती हवी. पाण्याखाली येणाऱ्या भागात भोक मात्र कोणत्याच होडीला पाडू नये.

राहिले छप्पर. उन्हाचा त्रास खरा आहे, आणि डोळे, कातडी दोन्ही त्याने जातात. पण जूनच्या वाऱ्यात छत्री धरून ज्याने मिठबावचा किनारा चालला आहे, त्याला कापड काय करते हे सांगायला नको. ताशी 36 किलोमीटरचा वारा दोन चौरस मीटर कापडावर सरळ आदळला, तर सुमारे 12 किलोंचा रेटा देतो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. आणि तो लागतो काठाच्या वर, डोक्याइतक्या उंचीवर. म्हणून छप्पर हवेच तर शिडासारखे, एका हाताने दोरी सोडताच खाली येणारे असावे. बाबांचे मत याहून सोपे आहे: “सावली होयी तर टोपी घाल.”

पूर्वीच्या लाकडी होडीला बाजूला उलांडी असे. पाण्यावर टेकलेला तो ओंडका होडीचा पाया रुंद करी, म्हणून तिच्यात थोडी मोकळीक चालून जाई. उलांडी नसलेल्या फायबरच्या होडीत तेवढी सूट मिळत नाही. त्यामुळे कोणताही बदल केल्यावर खाडीत, कमरेएवढ्या पाण्यात, जाळ्याच्या वजनाइतकी वाळूची पोती ठेवून, लाइफ जॅकेट घालून तिची परीक्षा घ्यावी. बदलाआधी होडी एकदा डोलवून दहा हेलकाव्यांना किती सेकंद लागतात ते मोजावे, बदलानंतर पुन्हा मोजावे. वेळ वाढला असेल, तर बदल काढावा.

काठावरच्या नळीला बाबांनी होकार दिला आहे. गादीबद्दल ते अजून काही बोलत नाहीत. पावसाळी बंदीत होडी झापांखाली आहे. ती बाहेर निघाली की भरतीच्या वेळी खाडीत सेकंद मोजायचे ठरले आहे. घड्याळ मी धरणार, आणि होडी डोलवायला शेजारच्या काकांना सांगून ठेवले आहे.