गॅस गिझर आणि बंद न्हाणीघर

थंडीत न्हाणीघराची खिडकी घट्ट लावून आत गॅस गिझर चालवणे जिवावर बेतू शकते. गॅस जळायला हवेतला ऑक्सिजन लागतो. बंद खोलीत तो कमी पडला की ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरच्या गॅसमध्ये उग्र वासाचे मर्कॅप्टन मुद्दाम मिसळलेले असते, म्हणून गळती कळते. कार्बन मोनॉक्साइडला मात्र ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखते, गरगरते, मळमळते, पायांतले बळ जाते. कधी कडी काढण्याआधीच शुद्ध हरपते.

गिझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत बसवून पाणी नळाने आत आणावे, हाच खरा उपाय. तोवर दार-खिडकी उघडी ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, मगच आंघोळीला जा. झडपांची खिडकी कधीही बुजवू नका. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली तर गिझर वापरणे थांबवून तो दुरुस्त करून घ्या. कोणी बेशुद्ध आढळल्यास दार-खिडक्या उघडा, गॅस बंद करा, त्या माणसाला लगेच बाहेर हवेत आणा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.