इलिनॉयची विद्या आणि तराईचा भात

आपल्या विद्यापीठाचा परदेशी विद्यापीठाशी करार झाला, अशी बातमी आली की आपण पान उलटतो. साहेब लोक विमानाने जाऊन येतील, आपल्या बांधावर काय येणार? शंका रास्त आहे. पण अशाच एका जोडीचे फळ थेट भाताच्या खाचरात उतरले, ती हकीकत ऐका.

हिमालयाच्या पायथ्याला तराईचा मुलूख आहे. पूर्वी तो दाट जंगलाचा आणि हिवतापाचा. तेथे पंतनगरला देशातले पहिले कृषी विद्यापीठ उभे राहिले. १७ नोव्हेंबर १९६० रोजी पंडित नेहरूंनी त्याचे उद्‌घाटन केले. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठ त्याचे जोडीदार होते. शिकवणे, संशोधन आणि शेतकऱ्यांपर्यंत ज्ञान पोचवणे ही तिन्ही कामे एकाच संस्थेने करायची, ही रीत तिकडची.

तराईत त्या काळी भाताला एक रोग पडे. पाने काताच्या रंगाची होत, रोपे खुरटत. लोक त्याला 'खैरा' म्हणत. पंतनगरला डॉ. यशवंत लक्ष्मण नेने हे वनस्पतिरोगतज्ज्ञ होते. त्यांनी इलिनॉयमध्येच १९६० साली डॉक्टरेट मिळवली होती. रोग म्हटला की जंतू शोधायचा, हा नेहमीचा मार्ग. पण १९६६ साली नेन्यांनी दाखवून दिले, की हा जंतूंचा प्रताप नाही, जमिनीतून पिकाला जस्त मिळत नाही! उपायही साधा निघाला. हेक्टरी ५ किलो झिंक सल्फेट आणि २.५ किलो विरवलेला चुना १,००० लिटर पाण्यातून फवारायचा. चुन्यामुळे पाने करपत नाहीत.

पाहा, विद्या इलिनॉयची, पण उत्तर सापडले तराईच्या चिखलात. उसन्या विद्येला आपल्या मातीत उतरावेच लागते.

हेच नेने पुढे उलट्या वाटेनेही गेले. त्यांनी १९९४ मध्ये आशियाई शेतीच्या इतिहासासाठी संस्था काढली आणि सुरपालाचा जुना 'वृक्षायुर्वेद' इंग्रजीत आणवला. नवे घ्यावे, पण घरचे टाकू नये. जमीन पिढ्यान्‌पिढ्या टिकवायची तर दोन्ही हवे.

आपल्या महाराष्ट्र कृषी विद्यापीठालाही सुरुवातीच्या काळात अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाची साथ होती. तेव्हा पुढच्या शिवारफेरीत नव्या कराराची गोष्ट निघाली, तर संकोच न करता विचारा : "साहेब, यातून आमच्या शिवारातला कोणता प्रश्न सुटणार?"