यंत्राचे उत्तर आणि माणसाचा अंदाज

समीकरण तेच, आकडे तेच. तरी आज्ञावलीची नवी आवृत्ती आली की संगणकाचे उत्तर कधी कधी बदलते. हे कसे? क्ष³ − क्ष = ० हे समीकरण घ्या. त्याची उत्तरे तीन: उणे १, ० आणि १. न्यूटनच्या रीतीत प्रथम एक अंदाज धरून तो पायरीपायरीने सुधारीत जातात. अंदाज ०.४ असता ० हाती येते, ०.५ असता उणे १, आणि ०.६ असता १! नव्या आवृत्तीत आरंभीचा अंदाज बदलला, की उत्तर फिरू शकते. तिन्ही उत्तरे खरीच. पण कोणते पुढे येईल, हे अंदाज ठरविणाऱ्या माणसावर अवलंबून. म्हणून ‘दर यंत्राने काढला’ असे कोणी म्हणाले, तर आवृत्ती कोणती व अंदाज कोणता, हे लेखी मागावे, असे आम्ही कामगारांस सांगत असतो.