परतलेल्या मुलांची शाळा

जपानांत सक्तीचें शिक्षण नऊ वर्षांचें असतें. पुढील तीन वर्षांच्या उच्च शाळेंत प्रवेश मिळतो तो बहुधा परीक्षा देऊन. वडिलांच्या नोकरीपायीं ज्यांचें बालपण परदेशांत गेलें, त्या मुलांची येथें मोठी कुचंबणा होई. व्यापार वाढला तशी १९७० नंतर त्यांची संख्याही वाढली. स्वदेशीं परतल्यावर नित्याच्या लेखनांतील सुमारें २००० चित्रलिपिचिन्हें त्यांना अनोळखी वाटत, आणि त्यांचें मोकळें बोलणें सोबत्यांना पुष्कळदां उद्धट भासे.

पंतप्रधान नाकासोने यांनीं नेमलेल्या शिक्षणमंडळानें १९८४ ते १९८७ या काळांत या प्रश्नाचाही विचार केला. पुढें १९८९ सालीं टोकियो महानगर सरकारनें कोमाबा येथें 'कोकुसाई', म्हणजे आंतरराष्ट्रीय, उच्च शाळा उघडली. परदेशांतून परतलेलीं, जपानांत राहणारीं परकीय आणि टोकियोंतच वाढलेलीं अशीं सर्व मुलें तेथें एकत्र शिकतात. पहिल्या दोन वर्गांसाठीं प्रवेशाची वाट निराळी ठेविली आहे. इंग्रजीखेरीज इतर परकीय भाषाही शिकवितात. २०१५ सालापासून इंटरनॅशनल बॅकलॉरिएट हा जगन्मान्य अभ्यासक्रमही सुरू झाला.

खासगी आंतरराष्ट्रीय शाळांचें भारी शुल्क सामान्य कुटुंबास झेपत नाहीं. सार्वजनिक शाळेचें महत्त्व यांतच आहे. परक्या देशांची माहिती पुस्तकांतूनही मिळते. परंतु शेजारच्या बाकावरील मुलगा आपलीच भाषा अडखळत बोलत असतां त्याचें वाक्य पुरें होईपर्यंत थांबण्याची संवय वर्गांतच लागते.