एका दुचाकीचा जीर्णोद्धार

रायपूर शहराच्या जुन्या भागाला पुरानी बस्ती असे म्हणतात. महामायेचे देऊळ, दूधाधारी मठ, जैतूसाव मठ आणि टुरी हटरीचा बाजार ही तिथली ठळक ठिकाणे. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून या प्रांतात मराठी कुटुंबे वस्ती करून आहेत. तात्यापारा या मोहल्ल्याचे नावच ती गोष्ट सांगते. माझी एक मावशी लग्न होऊन पुरानी बस्तीत गेली, त्यामुळे त्या अरुंद गल्ल्यांशी माझा बालपणापासूनचा परिचय आहे. मावशीच्या घराच्या ओसरीलगत एक अंधारी खोली आहे. तिच्यात गेली कित्येक वर्षे एक मोटारसायकल गोणपाटाखाली उभी होती. मावशीचे यजमान, ज्यांना आम्ही काका म्हणत असू, ते तिच्यावरून भिलाईच्या पोलाद कारखान्यात जात असत. काका गेल्यानंतर ती खोली फारशी कोणी उघडली नाही. दोन वर्षांपूर्वी मावसभावाने ती उघडली, आणि ही दुचाकी पुन्हा मूळ रूपात, मूळच्याच भागांनिशी उभी करावयाची असा निश्चय केला. या निश्चयाच्या पोटी किती अवघड प्रश्न दडलेले असतात, ते मला त्या निमित्ताने कळले. त्यांपैकी काही आज आपल्यापुढे मांडतो.

प्रथम त्या वाहनाची जात सांगितली पाहिजे. जपानच्या यामाहा कंपनीने १९७३ साली आर.डी. ३५० या नावाची एक वेगवान दुचाकी काढली. दोन सिलिंडर, दोन-स्ट्रोक इंजिन, आकारमान ३४७ घनसेंटिमीटर, सहा गिअर, आणि सुमारे ३९ अश्वशक्ती. त्या काळी हे आकडे ऐकून तरुण मंडळींचे डोळे विस्फारत. १९७५ नंतर तिची जागा दुसऱ्या नमुन्याने घेतली. परंतु १९८३ मध्ये एस्कॉर्ट्स या भारतीय कंपनीने यामाहाच्या सहकार्याने तीच दुचाकी इकडे ‘राजदूत ३५०’ या नावाने आणली. राजदूत हे नाव आपल्याकडे नवे नव्हते. पोलंडच्या आराखड्यावरून तयार होणारी १७५ घनसेंटिमीटरची साधीसुधी राजदूत दूधवाल्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या दारात उभी असे. तिच्या शेजारी ही नवी राजदूत म्हणजे बैलगाडीच्या तळावर शर्यतीचा घोडा आणून बांधावा तशी दिसे. पेट्रोल मात्र ती घोड्याच्याच भुकेने पिई, आणि आपल्या मध्यमवर्गीय संसाराला ती भूक परवडली नाही. इंधन वाचवावे म्हणून १९८५ च्या सुमारास कमी शक्तीची आवृत्ती निघाली, तरीही गिऱ्हाईक वाढले नाही. त्या दशकाच्या अखेरीस उत्पादन थांबले. आता तिच्यासाठी लोक तिच्या मूळ किमतीच्या कितीतरी पट पैसे मोजतात. वस्तू बाजारातून गेली की तिचे मोल कळते, हा अनुभव तसा जुनाच आहे.

जपानी वेगवान वाहनांचे हे पुनरुज्जीवन अलीकडे जगभर चालू आहे. या क्षेत्रातले मानाचे पान टोयोटाच्या २००० जी.टी. या मोटारीकडे जाते. १९६७ ते १९७० या काळात अशा मोटारी अवघ्या साडेतीनशेच्या आसपास तयार झाल्या. ती टोयोटाच्या नावाची असली तरी तिच्या इंजिनावर काम यामाहानेच केले होते. एवढेच नव्हे, तर समोरच्या फळीचे लाकूडही यामाहाच्या वाद्यनिर्मितीच्या विभागातून आलेले. पन्नास वर्षांनी या मोटारींचे दातेरी चक्र झिजले तर ते आणावे कोठून? २०२० साली टोयोटाने स्वतःच या मोटारीच्या गिअरपेटीचे भाग पुन्हा घडवून मोटारमालकांना विकण्यास आरंभ केला. निस्सानने त्याआधी, २०१७ मध्ये, आपल्या स्कायलाइन मोटारीसाठी तसाच उपक्रम काढला होता, आणि माझदाने तर आपल्या छोट्या उघड्या रोडस्टरचा संपूर्ण जीर्णोद्धारच अंगावर घेतला. तिथे जन्मदाता जिवंत आहे, आणि तो लेकराची विचारपूस करतो. आमच्या राजदूतला असा कोणी वाली नाही. तिचे भाग मिळतात ते दिल्लीच्या करोल बागेत, पुण्याच्या नाना पेठेत, मुंबईच्या कुर्ल्यात, आणि कोणा बंद पडलेल्या गॅरेजच्या माळ्यावर.

मिळतात म्हणजे काय मिळते, हे मात्र तपासून घ्यावे लागते. आमच्या मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी मावसभावाला बजावले, “भैया, डब्बा असली होने से माल असली नहीं होता.” कंपनीचे छापील वेष्टन जपून ठेवून त्यात दुसराच पिस्टन घालणारे कलावंत या व्यवहारात आहेत. कंपनीने त्या काळी घडवलेला आणि विकला न जाता तसाच पडून राहिलेला भाग सर्वांत मोलाचा. त्याच्या खालोखाल दुसऱ्या दुचाकीवरून उतरवलेला, झिजलेला पण अस्सल भाग. आणि मग येतो तो अलीकडे कोणीतरी नमुना पाहून घडवलेला. आपली सहज समजूत अशी की या क्रमानेच वस्तू घ्याव्यात. परंतु रबराच्या बाबतीत हा क्रम उलटा होतो. चाळीस वर्षे वेष्टनात पडून राहिलेली ऑइल सील अस्सल असते खरी, पण तिचे रबर कडक होऊन गेलेले असते. अशी सील बसवणे म्हणजे अस्सलपणाच्या नादात इंजिनाचा बळी देणे होय.

हे नीट उमगण्यासाठी दोन-स्ट्रोक इंजिन श्वास कसे घेते ते पाहिले पाहिजे. चार-स्ट्रोक इंजिनाप्रमाणे याला झडपांचा मोठा सरंजाम नसतो. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण प्रथम पिस्टनच्या खाली, क्रँकशाफ्ट फिरते त्या पोकळीत ओढले जाते. पिस्टन खाली आला की ते तिथे दाबले जाते आणि बाजूच्या वाटांनी वर, जळण्याच्या जागी चढते. म्हणजे खालची पोकळी ही या इंजिनाची छातीच होय, आणि ती हवाबंद असलीच पाहिजे. क्रँकशाफ्टच्या दोन टोकांना असलेल्या दोन रबरी कड्या हा हवाबंदपणा राखतात. डाव्या टोकाची कडी फाटली तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते, पिस्टन अतोनात तापतो आणि भर वेगात सिलिंडरला घट्ट धरून बसतो. उजव्या टोकाची फाटली तर गिअरपेटीतले तेल आत ओढले जाते आणि मागे पांढऱ्या धुराचा लोट निघतो. धूर दिसतो, म्हणून उजवीकडचा दोष मनुष्य वेळेवर ओळखतो. डावीकडचा न दिसणारा दोष अधिक घातक. मिस्त्रींनी या दोन कड्या नव्या, आजच्या कारखान्यातल्या घेतल्या, आणि मावसभावाच्या कपाळावरची आठी पाहूनही त्या बदलल्या नाहीत. माझ्या मते त्यांनी योग्य तेच केले.

क्रँकशाफ्टचे काम तर सोनाराच्या तोडीचे. या इंजिनाचा क्रँकशाफ्ट एकसंध नसतो. निरनिराळे तुकडे प्रचंड दाबाने एकमेकांत बसवून तो तयार होतो. आतले बेअरिंग बदलायचे तर सारे तुकडे दाबयंत्राखाली सोडवायचे, आणि पुन्हा जोडताना ते एका रेषेत येतील असे पाहायचे. रेषेतली चूक मिलिमीटरच्या काही शतांशांपलीकडे चालत नाही. ती डायल लावून मोजावी लागते, आणि ती काढण्याचा उपाय ऐकून मी थक्क झालो. तांब्याच्या हातोडीने, नेमक्या जागी, नेमका एक टोला! मिस्त्री टोला मारीत, डायल पाहत, मान हलवीत, पुन्हा टोला मारीत. असे दोन दिवस चालले. सिलिंडरही लेथवाल्याकडे जाऊन आले. त्याचा व्यास ६४ मिलिमीटर. तो झिजला की किंचित रुंद करून त्या मापाचा मोठा पिस्टन घालायचा, आणि मापे संपली की सिलिंडरच्या पोटात नवी बाही ठोकायची. सुदैवाने काकांनी एकदाच सिलिंडर रुंद केला होता. हे कळले ते त्यांच्या वहीवरून. पोलाद कारखान्यातला मनुष्य! प्रत्येक दुरुस्तीची तारीख, किलोमीटर आणि खर्च त्यांनी सुवाच्य मोडणीत टिपून ठेवला होता. अशा जीर्णोद्धारात अशी वही एखाद्या अस्सल पिस्टनपेक्षाही अधिक उपयोगी पडते.

त्या वहीतच आणखी एक नोंद सापडली. दोन-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलबरोबर तेलही जाळावे लागते. यामाहाने यासाठी एक सुबक छोटा पंप बसवला होता. मूठ जितकी पिळाल आणि इंजिन जितके फिरेल, त्या मानाने तो तेल सोडतो. आपल्याकडे पुष्कळांनी तो काढून टाकला आणि पेट्रोलच्या टाकीतच मापाने तेल ओतण्याची रीत पत्करली. पंप कधी दगा देईल या भीतीपोटीच ते झाले असावे. काकांनी मात्र तो कधी काढला नाही. तो अजून शाबूत होता.

इथे थोडे विषयांतर करण्याची परवानगी असावी. या इंजिनाच्या श्वासमार्गात पोलादाच्या पातळ पट्ट्या असतात. इंजिन श्वास घेते तेव्हा त्या उघडतात, आणि उलट दाब आला की मिटतात. त्यांना रीड म्हणतात. मिस्त्रींच्या तळहातावर त्या पट्ट्या पाहिल्या आणि मला आमच्या घरच्या पेटीतले पालिताण्याचे सूर आठवले. दोन्हींचे कार्य वेगळे, पण धातूच्या जिभेचा घाट तोच. आणि गंमत अशी की तोराकुसू यामाहा या कारागिराने १८८७ साली ज्या वस्तूपासून आपल्या उद्योगाचा आरंभ केला, ती वस्तू म्हणजे अशाच जिभांवर वाजणारा ऑर्गन होती. मोटारसायकली तयार करणारी शाखा पुढे १९५५ मध्ये वेगळी झाली, परंतु तिच्या बोधचिन्हात तीन ध्वनिकाटे आजही आहेत. त्या शाखेची पहिली दुचाकीही एका जर्मन नमुन्यावर बेतलेली होती. ‘मूळ’ हा शब्द उच्चारताना माणसाने थोडे जपून असावे, ते यासाठी.

खरा वाद पेटला तो ब्रेकवरून. जपानी आर.डी. ३५० च्या पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक होता. राजदूतला दोन्ही चाकांना ड्रम मिळाले. तिची शक्तीही मूळच्या ३९ वरून साडेतीस अश्वशक्तीवर आणलेली. मावसभावाच्या एका मित्राने सुचवले की परदेशातून जपानी चिमटा आणि डिस्क मागवावी, म्हणजे गाडी ‘खरी’ होईल. ऐकायला हे तर्कशुद्ध वाटते. पण या गाडीला डिस्क कधी नव्हतीच. ती बसवली म्हणजे राजदूतही राहिली नाही आणि आर.डी.ही झाली नाही. मिलिंदप्रश्नात भिक्षू नागसेन राजाला रथावरून असाच पेचात टाकतो. आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय, असे विचारीत तो एकेक भाग बाजूला सारतो. नागसेनाला त्यातून आत्म्याविषयी काही सुचवायचे होते. आम्हाला फक्त ब्रेकचा निकाल लावायचा होता. मी माझे मत ड्रमच्या बाजूने टाकले. ही गाडी १९८० च्या दशकात भारतातल्या रस्त्यांवर, भारतातल्या पैशांत, जशी होती तशीच ठेवणे म्हणजे अस्सलपणा. मात्र एक कबुली दिली पाहिजे. जो मनुष्य अशी गाडी रोज, आजच्या रहदारीत चालवणार असेल, त्याने चांगला ब्रेक बसवावा आणि इतिहासकारांचे ऐकू नये. मावसभाऊ ती आठवड्यातून एकदा, पहाटे, रस्ते मोकळे असताना काढणार. म्हणून ड्रम आतून लेथवर साफ करून घेतला, नवे अस्तर चिकटवले, आणि पुढचे दोन्ही जोड एकाच क्षणी टेकतील अशी मधली दांडी जुळवून घेतली. बहुतेक ठिकाणी दोष असतो तो या जुळवणीत.

विजेच्या तारा सगळ्या नव्या घातल्या. त्याविषयी सांगण्यासारखे विशेष नाही.

रंगाचे मात्र सांगितले पाहिजे. टाकी खरडली तेव्हा वरचा निळा रंग निघाला, त्याखाली करडा हात, आणि त्याखाली कारखान्यातला गडद तांबडा. मारुतीच्या मूर्तीवर वर्षानुवर्षे शेंदूर चढतो आणि एके दिवशी ते कवच गळून आतला मूळ दगड दिसतो, तसे झाले. मिस्त्री म्हणाले, तांबडाच द्या, कंपनीचा तोच. परंतु निळा रंग काकांनी स्वतः, अंगणात, हातपंपाने फवारला होता. मावशीने त्यांना कोणत्याही दुसऱ्या रंगाच्या गाडीवर पाहिल्याचे तिला आठवत नव्हते. आता मूळ कोणते, कारखान्याचे की काकांचे? चार दिवस घरात या विषयावर कोणी बोलले नाही. अखेर टाकीला तांबडा रंग दिला आणि बाजूंची दोन झाकणे निळीच ठेवली. शुद्धतेचे अभिमानी नाक मुरडतील. मुरडोत बापडे.

नोंदणीची पाटी बदलली नाही. ती मध्यप्रदेशाची आहे, कारण छत्तीसगड राज्य निर्माण झाले ते १ नोव्हेंबर २००० रोजी. कायद्यानेही आता अस्सलपणाची व्याख्या केली आहे. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेले आणि सांगाडा, इंजिन यांत मोठा फेरफार न केलेले वाहन ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. अशा नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क पडते, आणि ते वाहन रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. काकांची गाडी १९८४ ची. म्हणजे हा मान तिला २०३४ पूर्वी मिळणार नाही. डिस्क बसवली असती तर तेव्हाही त्यावरून हरकत निघाली असती की नाही, कोण जाणे.

गेल्या पौषात एका सकाळी ती सुरू झाली. पाच वेळा किक मारल्यावर सहाव्या वेळी. गल्ली धुराने भरली, टुरी हटरीकडून येणारा एक भाजीवाला हातगाडी थांबवून उभा राहिला, आणि मावशी देवघरातून उठून ओसरीपर्यंत आली. तिने दोन मिनिटे ऐकले आणि म्हणाली, “याच्याहून बारीक असायचा आवाज.” मिस्त्रींनी मुकाट्याने कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा मागे घेतला. दोन्ही सिलिंडरांचे कार्बोरेटर एकसारखे उघडत नव्हते, हे त्यांनी नंतर कबूल केले.

काढलेले सगळे जुने भाग, झिजलेल्या रिंगांपासून फाटलेल्या सीलपर्यंत, मावसभावाने चिठ्ठ्या लावून एका लाकडी पेटीत ठेवले आहेत. सर्वांत वर काकांची वही आहे. तिच्यातल्या शेवटच्या नोंदीखाली त्याने नव्या शाईने तारीख आणि किलोमीटर लिहिले. खर्चाचा रकाना तूर्त कोरा आहे, कारण मावशी ती वही अधूनमधून वाचते.